घरातल्या सॅपरचं आयुष्य लिहायला बसताना

फौजेत इंजिनिअर, म्हणजे सॅपर असलेल्या आजोबांचं चरित्र लिहायचं ठरलं की बहुतेक जण फोन समोर ठेवून म्हणतात, "युद्धाचं सांगा." उत्तर दोन वाक्यांत आटोपतं. त्याआधी ट्रंक उघडा.

ट्रंकेत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक), पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद आणि पदकं शोधा. सेवा क्रमांक, भरतीची तारीख, घरी आल्याची तारीख, हुद्दा आणि ट्रेड (फौजेतलं नेमून दिलेलं काम) वहीत उतरवून घ्या. पुस्तक हरवलं असेल तर पीपीओवरचा सेवा क्रमांक घेऊन रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर रेजिमेंटचं खडकीला आहे. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. नुसत्या नावावर शोध लागणं कठीण, कारण शिंदे, जाधव, पवारांची तिथे रांग असते.

हुद्दे वाचताना हमखास घोळ होतो. जुन्या कागदावरचा 'जमादार' म्हणजे १९६५ पासूनचा नायब सुभेदार. 'सॅपर' हे अख्ख्या इंजिनिअर दलाच्या माणसांचं नाव आहे आणि सर्वात खालचा हुद्दाही. 'इंजिनिअर होते' याचा अर्थ पदवीधर अधिकारी की सुतार-लोहारकामाचा ट्रेडवाला, हे आधी नक्की करा. ट्रेडवाल्याचं चरित्र बहुधा जास्त रंगतं; त्याला प्रत्येक हत्याराचं वजन माहीत असतं.

पदकं म्हणजे तयार कालपट. कडेवर, आणि 'तारा' म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागच्या बाजूला, क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून वाचा. ब्रासो लावून घासलंत तर अक्षरं झिजतात. १९६५ चं रक्षा पदक त्या काळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं, समर सेवा तारा मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्यांना. १९७१ मध्येही साधारण तसंच: संग्राम पदक बऱ्याच जणांना, पूर्वी तारा आणि पश्चिमी तारा आघाडीप्रमाणे. नुसतं रक्षा पदक दिसलं म्हणून 'पासष्टला सीमेवर लढले' असं लिहू नका.

आता बोलायला बसा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर आणि त्याखाली घडी घातलेला रुमाल, नाहीतर टेबलावर कप ठेवल्याचा आवाज गोळीसारखा येतो. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. सुरुंगकाम केलेल्यांचे कान बऱ्याचदा गेलेले असतात, म्हणून ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. पाऊण तासात थांबा.

प्रश्न कामाचे विचारा. बेली पुलाचं, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभारायच्या पुलाचं, पॅनल किती जण उचलायचे? रात्री पिना कशा बसवायच्या? पुढचं नाक रोलरवरून ढकलताना मागे वजन काय ठेवायचं? एक पॅनल दहा फुटांचं, साधारण २६० किलोचं. दांडे घालून सहा जण उचलतात. पॅनल दहा फुटांचं, त्यामुळे पुलाची लांबी दहाच्या पटीत येते. आजोबा 'पासष्ट फुटांचा पूल' म्हणाले तर ते बहुधा ओढ्याची रुंदी सांगताहेत. पुन्हा विचारा, चूक काढू नका.

लिहिण्याचा नमुना हवा तर कारवारजवळच्या चेंडियाचे सॅपर अधिकारी राम राघोबा राणे यांचं परमवीर चक्राचं मानपत्र पाहा. एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरी रस्ता. १० तारखेला पहाटे ४:४५ ला अडथळ्यावर काम सुरू, ६:३० ला रस्ता मोकळा. तुमच्या मजकुरातही वेळा येऊ द्या, 'शूरवीर' कापा.

आणि खरं रखडतं ते पेन्शनीत आल्यानंतरच्या प्रकरणाशी. सॅपर अनेकदा पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो, म्हणजे पुढचं आयुष्य नोकरीच्या दुप्पट. ते आठवणींतून काढू नका. सोसायटीचं इतिवृत्त, ग्रामपंचायतीचे ठराव, मंडळाची पावतीपुस्तकं चाळा. नळयोजनेच्या ठरावाखाली त्यांची सही सापडली तर तारीखही मिळाली.

आजींशी वेगळं बोला, आजोबा बाहेर गेले असताना. पत्रांवर गावाऐवजी 'मार्फत ५६ एपीओ' असा लष्करी टपालाचा पत्ता असायचा, म्हणून आजोबा कुठे होते हे आजींना ठाऊक नसतं. पण कधी सुट्टीवर आले हे मुलांच्या जन्मांवरून, बारशांवरून पक्कं आठवतं. आजोबांना गावं आठवतात, वर्षं नाही. वहीत दोन रकाने आखा, डावीकडे त्यांची गावं, उजवीकडे तिच्या तारखा, आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवून जुळवत जा.