या चुका टाळा : कॉम्प्युटर तुमचा, पण लायसन्स कोणाचं?

दर जूनमध्ये शाळा-कॉलेजं सुरू झाली की माझ्याकडे त्याच तक्रारी येतात. "लॅपटॉप नवा आहे, पण वर्ड उघडत नाही." "उजव्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज असं पुसट काहीतरी दिसतंय." "दुकानदार आता फोनच उचलत नाही." सांगली-मिरजेतल्या छोट्या ऑफिसांचे आणि घरांतले कॉम्प्युटर मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. यातल्या बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. फक्त यातलं सॉफ्टवेअर कोणाच्या नावावर आहे, हे खरेदीच्या दिवशी कोणी विचारलेलं नसतं. जमीन घेताना आपण सातबारा बघतो, जुनी मोटरसायकल घेताना आरसी बुक बघतो. पन्नास हजारांच्या लॅपटॉपला मात्र "चालू होतोय ना?" एवढाच प्रश्न.

"फुल सॉफ्टवेअर टाकून देतो"

असेंबल्ड सेट घेताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल, सगळं टाकून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. गिऱ्हाईक खूश होतं. मला तिथेच धडकी भरते. ज्या वस्तूचे पैसे दुकानदाराने कोणाला दिलेलेच नाहीत, ती तुम्हाला द्यायचा त्याला अधिकार कुठून आला?

२०२२ च्या जुलैमधली गोष्ट सांगतो. एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला. रिटर्न भरायची ३१ जुलैची मुदत तोंडावर होती. जानेवारीत त्यांनी चार नवे सेट घेतले होते आणि सहा महिने सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी चारही स्क्रीनची पार्श्वभूमी काळी झाली आणि एक्सेलच्या माथ्यावर लाल पट्टी आली. विक्रेत्याने विंडोज आणि ऑफिस दोन्ही ॲक्टिव्हेटर मारून, म्हणजे लायसन्स न घेता ते असल्याचं भासवणारा प्रोग्रॅम वापरून, चालू केले होते.

सहा महिनेच का, ते समजून घ्या. मोठ्या कंपन्यांसाठी केएमएस नावाची सोय असते. कंपनीच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो, बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडे हजेरी लावतात आणि प्रत्येक हजेरीला १८० दिवसांची मुदत मिळते. ॲक्टिव्हेटर तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये असा एक खोटा सर्व्हर उभा करतो. विंडोजच्या अँटिव्हायरसने तो ओळखून उडवला की पुढची हजेरी बंद. मिळालेली मुदत तेवढी चालू राहते. इथे तो जानेवारीतच उडाला होता आणि कोणाला पत्ता नव्हता.

इथपर्यंत निस्तरता आलं असतं. पण ऑफिसातल्या नव्या मुलाने माझी वाट बघितली नाही. त्याने नेटवर शोधून दुसरा ॲक्टिव्हेटर उतरवला. झिप फाइलला पासवर्ड होता. असा पासवर्ड अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून घातलेला असतो. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. लाल पट्टी गेली, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं नवं शेपूट होतं आणि सगळे आयकॉन कोरे होते. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर ४९०. स्टॉप किंवा डीजेव्हू नावाचं हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधून पसरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. कुलूप लावताना त्याने ऑनलाइन किल्ली, म्हणजे चोरांच्या सर्व्हरवरून आलेली वेगळी किल्ली, वापरली होती, त्यामुळे कुलूप उघडणाऱ्या मोफत डिक्रिप्टरचा काही उपयोग झाला नाही. चारही कॉम्प्युटरचे फोल्डर एकमेकांना शेअर केलेले होते, तेही गेले. बॅकअपची हार्डडिस्क होती, पण ती कायम मागे लावलेलीच असायची. तीही गेली.

पैसे द्यायचे नाहीत यावर साहेब ठाम राहिले आणि ते मला पटलं. २६एएस आणि एआयएस ही कराची विवरणं आयकर पोर्टलवरून पुन्हा उतरवता आलं. क्लायंटनी मेलवर पाठवलेलं मेलमधून काढलं. उरलेले ताळेबंद जुन्या प्रिंटवरून दोन माणसांनी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून पुन्हा टाइप केले. मी शेजारी बसून एकेक सेट पुसून नव्याने उभा करत होतो. चार सेटचं अस्सल विंडोज घ्यायला जे पैसे लागले असते, त्यापेक्षा त्या आठवड्याचं नुकसान कितीतरी जास्त होतं.

जानेवारीतलं बिल मी मागून घेतलं. त्यावर एकच ओळ होती : कॉम्प्युटर सेट, ४ नग. विंडोजचा उल्लेखच नाही. भांडायचं कशाच्या जोरावर?

म्हणून माझी सवय अशी आहे. बिलावर सॉफ्टवेअरची ओळ वेगळी हवी. कुठलं विंडोज, होम की प्रो, ओईएम की रिटेल, किती नग, हे सगळं त्यात यायला हवं. ओईएम, म्हणजे मशीनसोबत मिळणारं लायसन्स, त्या मशीनच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. रिटेल नेता येतं. सेट दर दोन-तीन वर्षांनी बदलणार असाल तर रिटेलचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट कशाला सोडायचं? दुकानदार कच्च्या बिलावर अडून बसला तर दुसरं दुकान गाठा. पक्कं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याची तक्रार करता येते.

"सगळेच वापरतात" असं मला रोज कोणीतरी ऐकवतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब त्यांनी एकदा वाचावं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. ऑफिसला ती सवलत नाही.

दुकानदाराच्या ईमेलवर सेटअप

ही दुसरी चूक. सध्या हीच सगळ्यात जास्त दिसते आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. गिऱ्हाईक घाईत असतं, पासवर्ड आठवत नसतो, मागे चार माणसं उभी असतात. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "थांबा, माझा आयडी टाकतो, तुम्ही घरी जाऊन बदला." घरी जाऊन कोणीही बदलत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप असाच सेट झाला होता. वर्षभराने बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, अपडेट आला, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. बाईंना वाटलं व्हायरस आला. व्हायरस नव्हता. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर ही सोय फार कामाची. पण इथे किल्ली त्या मुलाच्या खात्यात होती. मुलाने नोकरी सोडली होती. शोधून काढला तर म्हणाला, असे आयडी मी रोज नवे काढायचो, कुठला कोणासाठी ते आता कसं सांगू?

त्या डिस्कवर दहावीच्या नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि सेवापुस्तकाची स्कॅन केलेली पानं होती. किल्लीशिवाय ती उघडायचा मार्ग कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. हे सांगताना बाई माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी फॉरमॅट मारावा लागला. मग दुसरा धक्का : लॅपटॉपसोबत आलेलं कायमचं ऑफिसही त्याच मुलाच्या आयडीवर नोंदलेलं. लॅपटॉपच्या किमतीत त्याचे पैसे बाईंनीच भरले होते.

त्यामुळे सेटअप स्वतःच्या ईमेलवर करा, स्वतःच्या फोनवर ओटीपी घ्या, आणि पासवर्ड आठवत नसेल तर त्या दिवशी लॅपटॉप सीलबंद घरी न्या. हार्डवेअर तपासायचंच असेल तर चालू करून स्क्रीन बघा आणि खातं मागितलं की तिथेच थांबा. मी प्रत्येक घरासाठी एक शंभरपानी वही करायला लावतो. पहिल्या पानावर ईमेल, दुसऱ्यावर रिकव्हरी की, तिसऱ्यावर बिलाची झेरॉक्स चिकटवलेली. की लिहिताना सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग उलट करून पडताळायचं. वही कपाटात, लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. लायसन्स तुमच्या पैशाचं, पण ॲडमिन म्हणून ईमेल असतो तो विकणाऱ्याचा. त्याच्याशी बिनसलं की अडकलात. पहिल्याच दिवशी स्वतःचा ईमेल टाकून घ्या. आणि कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. हे मी सांगून सांगून थकलो, तरी लोक आधी फॉरमॅट मारतात आणि मग फोन करतात.

बाकीच्या, थोडक्यात

दोन लॅपटॉप अगदी सारखे आणि एक बराच स्वस्त दिसला, तर वैशिष्ट्यांत डॉस किंवा फ्रीडॉस लिहिलंय का बघा. म्हणजे त्यात विंडोज नाही. लिनक्स टाकणार असाल तर तो सौदा चांगला आहे. "विंडोज मारून घेऊ कुठूनतरी" असा विचार असेल तर वरची जुलैची गोष्ट पुन्हा वाचा.

नव्या लॅपटॉपवर कुठलंच बाहेरचं सॉफ्टवेअर बसत नसेल तर विंडोज एस मोडमध्ये असेल, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच ॲप चालणारी अवस्था. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत. फक्त परत त्यात जाता येत नाही. यासाठी पाचशे रुपये घेणारे लोक आहेत, देऊ नका.

होम अँड स्टुडंट ऑफिस (२०२४ च्या आवृत्तीपासून नाव नुसतं होम) घरगुती वापरासाठी असतं. दुकानाचा हिशेब, क्लासची बिलं त्याच्या करारात बसत नाहीत आणि त्यात आउटलुकही नसतं. धंद्याला होम अँड बिझनेस घ्या. तेवढे पैसे नसतील तर लिबरऑफिस वापरा. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, युनिकोड मराठी नीट चालतं. त्याचे मेनू वेगळ्या जागी आहेत, सवय व्हायला दोन आठवडे लागतात. तेवढाही धीर नाही म्हणणारी मुलं क्रॅक शोधायला मात्र अख्खी रात्र घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चार-पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणारी विंडोजची की बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम करारातली, म्हणजे अनेक कॉम्प्युटरसाठी एकगठ्ठा घेतलेल्या लायसन्समधली, असते. आज चालते, उद्या ब्लॉक होते, आणि चालत होती तेव्हाही ती तुमची नव्हतीच.

जुना कंपनी लॅपटॉप घेताना दुकानातच रीसेट करून, नेट जोडून बघा. सुरुवातीच्या पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचा लॉगिन मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. ठेवा आणि निघा. प्रोसेसरची पिढीही विचारा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. सातव्या पिढीचा लॅपटॉप "विंडोज ११ टाकून दिलंय" म्हणून विकतात, तेव्हा अटी चुकवून टाकलेलं असतं.

विंडोज अस्सल आहे का ते तपासायची सोपी रीत म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि एक्स-पी-आर असं टाइप करा. खिडकीत मुदतीची तारीख दिसली तर ते केएमएसचं प्रकरण आहे आणि घरच्या लॅपटॉपवर त्याचं काही काम नाही. पर्मनंट असं आलं तरी नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका. हल्लीचे ॲक्टिव्हेटर तेही दाखवतात, म्हणून बिलाचा आग्रह.

आणि छापखानेवाल्यांसाठी एक. श्रीलिपीसारख्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं जुनं लायसन्स म्हणजे सीपीयूच्या मागे लावलेलं ते बोटाएवढं डोंगल. गेल्या दिवाळीआधी एका प्रेसने जुना सीपीयू भंगारात दिला, डोंगल मागे तसंच. दिवाळी अंकाची अर्धी पानं त्या फाँटमध्ये लावलेली होती. तीन दिवस मी आणि प्रेसचे मालक भंगारवाल्याच्या गोदामात पिवळट डबे उलटेपालटे करत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. आता ते डोंगल नवीन सीपीयूला सुतळीने बांधलंय आणि सुतळीला लाल चिंधी आहे.