सोळा पिक्सेलची चाळणी

दोन वर्षांपूर्वी मी लॉग फाइलींमधल्या, म्हणजे प्रोग्रॅम चालताना स्वतःच्या नोंदी लिहितो त्या फाइलींमधल्या, नको त्या ओळी गाळून टाकणारं एक छोटं कमांड लाइन टूल (टाइप केलेल्या आज्ञांनी चालणारं) लिहिलं. नाव ठेवलं 'चाळणी'. कोडला तीन शनिवार-रविवार लागले, लोगोला चार महिने. सांगताना अजूनही कसंनुसं होतं, पण निदान तुमचे महिने तरी वाचावेत.

पहिल्या लोगोत काय काय कोंबलं होतं ते ऐका: दातेरी चाक, दोन महिरपी कंस, एक भिंग आणि मधोमध खरीखुरी चाळणी, तिला मोजून ४० भोकं. वर निळा-जांभळा ग्रेडियंट. मोठ्या मॉनिटरवर असं देखणं दिसायचं की घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग ते टूलच्या वेबपानासाठी ब्राउझरच्या टॅबवर चढवलं. तिथे दिसला जांभळट डाग, शर्टाच्या खिशाला पेन गळल्यासारखा.

इथे जरा रेंगाळतो, कारण बाकीच्या चुका एका संध्याकाळी दुरुस्त होतात, ही होत नाही. मी ५१२ बाय ५१२च्या कॅनव्हासवर काढत होतो. टॅबवरचं चिन्ह १६ बाय १६. म्हणजे सगळं ३२ पट आकसणार. भिंगाची कड मी १२ पिक्सेल जाड ठेवली होती. १२ भागिले ३२ म्हणजे ०.३७५, अर्धा पिक्सेलसुद्धा नाही. पडद्याला पिक्सेलचा तुकडा रंगवता येत नाही, म्हणून तो अख्खा पिक्सेल फिकट रंगवतो. ४० भोकांचं तेच झालं, सगळी मिळून एक धुकं. चित्र एसव्हीजीत होतं, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांच्या वर्णनानं साठवलेलं. "एसव्हीजी आहे ना, कितीही लहान कर, फाटत नाही," असं मला तीन जणांनी सांगितलं. फाटत नाही, खरंय. पण हातात पिक्सेल असतात २५६, आणि त्यांत जे मावत नाही ते एसव्हीजीमुळे मावायला लागत नाही. अजून एक: १६ ही सम संख्या. बरोबर मध्यावर एक पिक्सेलची उभी रेघ काढलीत तर ती आठव्या आणि नवव्या पिक्सेलवर अर्धी-अर्धी सांडते आणि दोन्ही फिकट पडतात. रेघ दोन पिक्सेलची करा, नाहीतर अर्ध्या पिक्सेलनं सरकवा. मी यातलं काहीच न करता तीन आठवडे नुसते रंग बदलत बसलो होतो.

ज्यांना मी गुरू मानायचो त्यांनी प्रोजेक्टरवर बघून सांगितलं, "थोडं अजून प्रीमियम कर." तेव्हापासून माझं मत कडवट आहे. लोगोबद्दल विचारायचंच तर ज्याच्या ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे असतात त्याला विचारा.

गिटचा लोगो बघा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं आणि त्याच्या वेगवेगळ्या फांद्या काढू देणारं टूल. जेसन लाँग यांनी केलेला. तिरका केशरी-लाल चौकोन, आत रेघेला फुटलेली फांदी आणि ठिपके. टूल जे करतं तेच, आणि तेवढंच. दुसरं उदाहरण कुबरनेटीस, अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली. हा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा, म्हणून चिन्ह जहाजाच्या सुकाणूचं चाक. त्याला आरे सात, कारण प्रकल्पाचं आतलं नाव स्टार ट्रेकमधल्या 'सेव्हन ऑफ नाइन' या पात्रावरून आलं होतं. ही गोष्ट माहीत नसली तरी चाक कळतं. माझ्या लोगोला मात्र शेजारी उभं राहून समजावणारा माणूस लागायचा.

शॉर्टकटचं म्हणाल तर, तयार चित्रं विकणाऱ्या साइटवरून घेऊ नका. पैसे मोजले म्हणजे लोगो म्हणून वापरायचा हक्क मिळाला असं नसतं. कोड ठेवायची साइट गिटहब, तिचा ऑक्टोकॅट (मांजर आणि ऑक्टोपस मिळून केलेलं बोधचिन्ह) सुद्धा मुळात सायमन ऑक्स्ली यांचं आयस्टॉकवरचं चित्र. तिथल्या परवान्यात लोगो म्हणून वापर बसत नव्हता, म्हणून गिटहबला हक्क वेगळे विकत घ्यावे लागले. एआयकडेही मी मागून पाहिलं. त्यानंही दातेरी चाकच दिलं.

पण घाबरू नका. चित्रकला येत नसेल तर उलट बरंच, हात आवरतो. मी शेवटी भाचीची गणिताची चौकटीची वही घेतली, १६ बाय १६ घरं आखली आणि पेन्सिलीनं घरं भरत गेलो. चौथ्या पानावर जमलं: दोन्ही टोकांना वर वळलेली एक जाड आडवी पट्टी, खाली पडणारे तीन ठिपके. रंग एकच, आणि तोही पांढऱ्या-काळ्या दोन्ही थीमवर दिसेल असा. मधे रंग बदलताना केलेला काळा लोगो डार्क थीममध्ये गायबच व्हायचा.

ऑफिसात शेजारच्या मित्राला दाखवला. तो म्हणाला, "शॉवर आहे का?" चाळणी आहे म्हणून सांगितलं. "हां, तेच ते," म्हणाला. मी बदलला नाही. परवा त्याच्या स्क्रीनवर टॅबांची दाटी होती, त्यांतून त्यानं माझा टॅब क्षणात उघडला. अजूनही त्याला 'तुझा शॉवर'च म्हणतो.