पुस्तक घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या काय पाहायचं: कादंबरी, अर्थशास्त्र आणि शिवणकाम

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते, सोबत भाची होती, तिला बीएच्या पहिल्या वर्षासाठी अर्थशास्त्राचं पुस्तक पाहिजे होतं, मला ब्लाउज कटिंगचं, आणि बहिणीनं फोनवर सांगून ठेवलं होतं की एखादी चांगली कादंबरी दिसली तर माझ्यासाठी घे. दुकानदार काका म्हणे, "आरामात पाहा ताई, घाई काऊन करता." भाची तिन्ही पुस्तकं एकाच पद्धतीनं पाहून राहिली होती. कव्हर पाहिलं, मागचा मजकूर वाचला, किंमत पाहिली, बाजूला ठेवलं. तिला तिथंच थांबवलं आणि जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते, कारण हे कोणी शिकवत नाही आणि पैसे तर सगळ्यांचेच जातात.

आपण पुस्तकाला भलताच प्रश्न विचारतो, गडबड तिथंच होते. कादंबरी हातात घेऊन विचारतो यातून शिकायला काय मिळेल, अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन विचारतो सोप्पं आहे का, आणि शिवणकामाचं घेतलं की विचारतो फोटो किती आहेत. कादंबरीतली माणसं खरी वाटली पाहिजेत, अर्थशास्त्राचं पुस्तक बंद करून गणित आपल्याला एकट्यानं सुटलं पाहिजे, आणि शिवणकामाच्या पुस्तकानं कापड वाया जाऊ देता कामा नये. बस, एवढंच तपासायचं, पण तपासायची रीत तिघांची वेगळी आहे.

शिवणकामापासून सुरुवात करते कारण तिथं माझं नुकसान झालं आहे. इतवारी बाजारातून घेतलेल्या साडीतलाच ब्लाउजपीस होता, म्हणजे दुसरं तसं कापड मिळणं नाही. पुस्तक नवंकोरं, चकचकीत, पानापानावर रंगीत फोटो. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९ इंच घ्या, त्यात दोन इंच मिळवा आणि कापा, असं लिहिलेलं. आता हे दोन इंच म्हणजे लूजिंग (अंगाला सैल राहावं म्हणून जास्तीचं माप) धरून की शिलाईचा दाब (शिवणीसाठी कडेला सोडायचं कापड) धरून की दोन्ही, याचा कुठंच पत्ता नाही. मी दाब त्यातच आहे असं समजून कापलं, पुढच्या पानावरचा मुंढ्याचा आकार मात्र दाब वेगळा सोडायचा असं धरून काढलेला होता, त्यामुळे बाही जोडायला गेले तर बाही मोठी आणि मुंढा लहान. उसवून पुन्हा बसवायला आत कापडच उरलं नव्हतं. त्या दिवसापासून कटिंगचं कोणतंही पुस्तक उघडलं की मी आधी "दाब" हा शब्द शोधते. पहिल्या दहा पानांत या पुस्तकातली मापं दाब धरून आहेत की सोडून आहेत हे स्वच्छ लिहिलं नसेल तर पुस्तक परत ठेवायचं, मग फोटो कितीही सुंदर असोत.

दुसरी गोष्ट, अस्तराचं काय लिहिलं आहे ते पाहा. सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. हे ज्या पुस्तकात आहे त्याच्या लेखिकेनं स्वतः शिवलं आहे, घातलं आहे, धुतलं आहे. ज्यात नाही, त्यात नुसत्या आकृत्या जमवल्या आहेत असं समजायला हरकत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, चुकलं तर काय करायचं हे लिहिलं आहे का? टक्सच्या, म्हणजे फिटिंगसाठी घातलेल्या चुणीच्या, टोकाला फुगा येऊन राहिला तर का येतो, गळा खांद्यावरून घसरतो तर कुठं कमी करायचं, असं एक जरी पान असलं तरी ते पुस्तक घ्या. सगळं नीट झालं तर पुस्तकाची गरजच पडत नाही, रात्री अकरा वाजता मशीनसमोर अडून बसतो तेव्हा ते पान लागतं.

क्रोशाचं घेत असाल तर एक वेगळीच भानगड आहे. इंग्रजीवरून उतरवलेले नमुने असतात, आणि अमेरिकेत ज्या टाक्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये ट्रेबल म्हणतात, इंग्लंडचं डबल म्हणजे अमेरिकेचं सिंगल. पुस्तकात कोणती पद्धत धरली आहे हे लिहिलं नसेल तर तोच नमुना तुमच्या हातात अर्ध्या नाहीतर दुप्पट उंचीचा होतो. म्हणून ज्या पुस्तकात साखळी म्हणजे काय, खांब म्हणजे काय, सुईवर दोरा किती वेळा घ्यायचा हे सुरुवातीलाच चित्रासकट दिलं आहे तेच घ्या.

अजून एक साधी परीक्षा जी दुकानातच होते. पुस्तक मध्ये उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. ते आपोआप मिटलं तर घरी त्रासच आहे, कारण तुमच्या एका हातात कात्री असते आणि दुसऱ्यात कापड. पोळपाट ठेवून पुस्तक उघडं धरायची पाळी माझ्यावर आली आहे, पान फाटतं आणि कापडाला पीठ लागतं ते वेगळं.

आता अर्थशास्त्र. भाचीला मी म्हटलं, अगं, सोप्पं आहे का ते नंतर पाहू, आधी ताजं आहे का ते पाहा. यासाठी मागची सूची पुरते, पाच मिनिटं लागतात. योजना आयोग आजही पंचवार्षिक योजना करतो असं लिहिलं असेल तर पुस्तक जुनं, कारण १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला आणि बारावी योजना २०१७ मध्ये संपली. अप्रत्यक्ष करांत नुसता विक्रीकर, अबकारी आणि सेवाकर दिसला तर तेही जुनं, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात चलनविषयक धोरण समिती, महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि त्याच्या दोन टक्के वरखाली, एवढं सापडलं तर निदान २०१६ नंतर कोणीतरी ते प्रकरण हातात घेतलं आहे. पुष्कळ पुस्तकांत कव्हरवर नवी आवृत्ती लिहिलेलं असतं आणि आत फक्त प्रस्तावनेची तारीख बदललेली असते, म्हणून कव्हरवर जाऊ नका.

पण ताजेपणा म्हणजे सगळं नाही, सिद्धांताचा भाग काही दर वर्षी बदलत नाही. तिथं मी एकच पान उघडते, मागणीच्या लवचिकतेचं, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते त्याचं. समजा संत्री ४० रुपये डझन होती तेव्हा दुकानदार दिवसाला १०० डझन विकत होता, भाव ५० झाला तर ८० डझन विकली. भाव २५ टक्क्यांनी वाढला, मागणी २० टक्क्यांनी कमी झाली, २० भागिले २५, लवचिकता आली ०.८. बहुतेक पुस्तकं इथं थांबतात. आता उलटं करून पाहा, भाव ५० वरून ४० वर आला, म्हणजे २० टक्के कमी, आणि मागणी ८० वरून १०० वर गेली, म्हणजे २५ टक्के जास्त, लवचिकता आली १.२५. तोच दुकानदार, तीच संत्री, तेच दोन भाव, आणि उत्तर दोन! भाची हे पाहून गोंधळली, म्हणे मावशी, यातलं बरोबर कोणतं? मला तर तिचा हा प्रश्नच आवडला. चांगलं पुस्तक तुम्हाला मुद्दाम इथपर्यंत आणतं आणि मग सांगतं की दोन्ही भावांची सरासरी ४५ धरा आणि दोन्ही मागण्यांची सरासरी ९० धरा, मग १० भागिले ४५ आणि २० भागिले ९०, दोन्हीकडे २२.२ टक्के, लवचिकता बरोबर १. आणि तेही पटवून देतं, की पाहा, ४० गुणिले १०० म्हणजे ४००० रुपये आणि ५० गुणिले ८० म्हणजे पण ४००० रुपये, गल्ल्यात तेवढेच पैसे येऊन राहिले, म्हणून १. एवढं एक पान ज्या पुस्तकात असं लिहिलं आहे त्याची भाषा थोडी जड असली तरी चालेल, मी तर म्हणते घ्याच.

दुसरी परीक्षा म्हणजे विस्तार आणि वृद्धी यांतला फरक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्याच भावात कुलर जास्त विकले जातात, ही मागणीतली वृद्धी, इथं मागणीचा सगळा वक्रच उजवीकडे सरकतो. पावसाळ्यात दुकानदारानं उरलेल्या कुलरचा भाव पाडला आणि म्हणून चार जास्त गेले, हा मागणीतला विस्तार, इथं त्याच वक्रावर आपण खाली येतो. पुस्तकात दोन्हीच्या आकृत्या शेजारी शेजारी आहेत का, आडव्या आणि उभ्या अक्षावर काय मोजलं आहे ते लिहिलं आहे का, हे पाहा. अक्षांना नावं नसलेली आकृती पोरं पाठ करतात आणि परीक्षेत उलटी काढतात, हे मी घरातच पाहिलं आहे. शेवटी स्वाध्याय पाहायचे, प्रश्न "व्याख्या द्या, महत्त्व सांगा" एवढेच आहेत की आकडे देऊन काही करायला लावतात, आणि उत्तरं मागे दिली आहेत का. घरी एकट्यानं अभ्यास करणाऱ्या पोरीला मागची उत्तरंच शिक्षक असतात.

सोप्पं म्हणजे चांगलं, हे मला म्हणूनच पटत नाही. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये छापला गेला, तो काही सोपा नाही, पण त्यात एक प्रश्न धरला आहे आणि आकडे, कायदे, इतिहास सगळं त्या एका प्रश्नाकडे आणलं आहे, म्हणून अवघड असूनही वाचणारा रस्ता चुकत नाही. क्रमिक पुस्तकाकडून मला तेवढंच पाहिजे, की हे प्रकरण मी का वाचून राहिले हे पहिल्या पानावर कळावं.

राहिली कादंबरी. इथं मागचा मजकूर अजिबात वाचू नका, तो विकणाऱ्यानं लिहिलेला असतो. पहिलं पानही खूप घासूनपुसून लिहिलेलं असतं. मी मधलं कुठलंही संवादाचं पान काढते आणि "तो म्हणाला, ती म्हणाली" वर अंगठा ठेवून नुसतं बोलणं वाचते. कोण बोलतंय हे बोलण्यावरून कळलं तर माणसं वेगळी आहेत, नाही कळलं तर सगळ्यांच्या तोंडून लेखकच बोलून राहिला आहे. आपल्याकडच्या वाचकाला तर हे लगेच खटकतं. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातली आजी नातवाला "अरे, तू असं का बरं करतोस" असं सदाशिव पेठेतलं बोलायला लागली की पुस्तक तिथंच मिटतं, ती म्हणेल "काऊन रे, जेवाचं नाही का तुले?" नुसते चार शब्द वऱ्हाडी घालूनही भागत नाही बरं, काही पुस्तकांत फक्त गडी आणि मोलकरीण वऱ्हाडी बोलतात आणि शिकलेले सगळे प्रमाण बोलतात, याचा मला राग येतो, कारण इथले डॉक्टर आणि प्रोफेसर पण घरी असंच बोलतात.

मग असं एक पान शोधा जिथं काहीच घडत नाही. म्हणजे कोणी मरत नाही, कोणी पळून जात नाही, नुसती दुपार आहे, कुलरचा आवाज आहे, बाई दळण निवडून राहिली आहे. ते पान तुम्ही न कंटाळता शेवटपर्यंत वाचलं तर पुस्तक घरी न्या. घडामोडींची पानं कोणालाही जमतात, नुसती दुपार लिहायला ती पाहिलेली असावी लागते. संदेश काय, बोध काय, हे शोधू नका. शेवट आधी वाचला तरी माझ्या मते काही बिघडत नाही, पुष्कळ वाचक वाचतात, आणि शेवट माहीत असूनही मधलं वाचावंसं वाटलं तर ती कादंबरी दोनदा वाचली जाणार. पैसे कमी असतील तर कादंबरी आधी वाचनालयातून आणा, परत करताना जीवावर आलं तरच विकत घ्या. अर्थशास्त्राचं आणि शिवणकामाचं मात्र विकतच घ्यावं लागतं, एकात पेन्सिल चालते आणि दुसऱ्याला खडू, तेल, चहा सगळं लागतं.

जुनं घेत असाल तर अजून थोडं पाहा. पुस्तक बहुतेक सोळा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, त्यामुळे गेलं तर एक पान जात नाही, अख्खा फॉर्मच गायब असतो किंवा तोच फॉर्म दोनदा बांधलेला असतो, म्हणून पान नंबर सरसर चाळून घ्या, १६ पासून एकदम ३३ वर गेलं तर ठेवून द्या. शिवणकामाच्या जुन्या पुस्तकात घडी घातलेले पॅटर्नचे कागद आहेत का ते पाहा, नव्वद टक्के किंमत त्या कागदाचीच असते आणि नेमके तेच हरवलेले असतात. अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकात कोणी पेन्सिलनं गणितं सोडवली असतील तर खोडायच्या आधी एकदा ताडून पाहा, चांगला विद्यार्थी असला तर ते तुमचे फुकटचे नोट्स.

आणि हे सगळं एका जागी पाहायचं असेल तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी तिथं दीक्षा घेतली, आणि आता दर वर्षी तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, लांबून आलेली माणसं शिदोरीसोबत पुस्तकं बांधून नेतात. मी एका बाईंना पाहिलं होतं, डोक्यावर पदर, हातात पिशवी, एक पुस्तक उघडून त्या उभ्याउभ्या हळूहळू ओठ हलवत पूर्ण पान वाचून राहिल्या, मग पान उलटून पुढचं वाचलं, मग पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि घेतलं. मागून धक्के लागत होते तरी हलल्या नाहीत. तिथं जायचं तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते, सुट्टे पैसे ठेवा, पाण्याची बाटली ठेवा, आणि पिशवी कापडीच न्या, प्लास्टिकची पुस्तकांच्या वजनानं फाटते.