आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेण्याआधी

यंदा थंडीत आईने गराडू, म्हणजे इंदुरातला तळलेला मसालेदार कंद, नको म्हटलं. आम्हाला वाटलं, तळलेलं टाळतेय. मग पोह्यांवरची शेव ती बोटाने बशीच्या कडेला सारू लागली, पोळी दुधात कुस्करू लागली. संक्रांतीपासून होळीपर्यंत तिचं वजन 3 किलो उतरलं. दुखणं होतं एका हलणाऱ्या दाढेचं. "या वयात दात जायचेच," म्हणून ती गप्प राहिली, आणि चूक आमची की आम्हीही ते मानलं. इंदुरात ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांनी ही तयारी जरूर करावी.

वेळ घेण्याआधी चार दिवस नुसतं ताट बघा. कोणत्या बाजूने चावतात, काय टाळतात, घास उतरवायला पाणी लागतं का? वरणभात नि दुधावर आलेल्या माणसाची कोशिंबीर, फळं, उसळी सगळं सुटतं आणि अशक्तपणा वयाच्या नावावर जातो. मग उजेडात खिडकीशी बसवा, कवळी असेल तर काढायला लावा आणि तोंडात नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लग्नकार्य, सणवार काहीही असो, थांबू नका. मिश्रीची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. तिच्यात तंबाखू असतो, पण आपल्याकडच्या कितीतरी आज्या तिला व्यसन समजतच नाहीत.

गोळ्यांची यादी करत बसू नका, अख्खी पिशवीच न्या. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. ते हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते आधीच सांगा. त्या औषधाने, क्वचित का होईना, दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या सुजून वाढतात, काहींनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दातांची मुळं भराभर किडतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट हवाच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

कवळी नुसती लावून नेऊ नका, तिची डबीही बरोबर घ्या आणि कवळी कुठे टोचते ते घालणाऱ्यालाच दाखवू द्या. रात्री कवळी काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. 2015 साली जपानमध्ये 85 वर्षांपुढच्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात, म्हणून हा हट्ट धरायचा.

वेळ सकाळची घ्या. पोहे खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन निघा. इन्शुलिन घेणाऱ्याला उपाशी मुळीच नेऊ नका. दवाखाना कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालू आहे ना, हे फोनवर विचारा. खासगी खर्च झेपत नसेल तर शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे; तिथे रांगेत बसावं लागेल या हिशोबाने पाणी आणि मऊ खाणं बरोबर ठेवा. कानाचं यंत्र विसरू नका, मास्कमधून बोललेलं त्याशिवाय कळत नाही. आणि खुर्चीत बसल्यावर आईच्या वतीने उत्तरं देऊ नका. मी देत होते, डॉक्टरांनी मला थांबवलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "रात्री झोप लागत नाही हो दुखण्यानं."

निघण्याआधीच घरी मऊ भात लावायचं सांगून ठेवा. दात काढला तर कापसाचा बोळा दाबून धरायचा, सारखं थुंकायचं नाही, त्या दिवशी गरम चहा नाही. फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रशही येतायेताच घ्या. आईच्या ब्रशच्या दांड्यावर मी सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली आहे. संधिवाताने वाकलेल्या बोटांतून ब्रश आता निसटत नाही.