निर्णय कंपनीचा, जबाबदारी कोणाची?

कंपनीला जाब विचारायचा असेल, तर ‘कंपनीने केले’ हे मोघम वाक्य आधी बाजूला ठेवावे आणि तो निर्णय कोणत्या बैठकीत, कोणाच्या सहीने व कोणती माहिती समोर असताना झाला, हे शोधावे. वार्षिक अहवाल, नियामकाकडे सादर केलेली विवरणपत्रे आणि न्यायालयीन कागदपत्रे यांतून बरेच काही हाती लागते. तारखांचा क्रम मात्र स्वतः लावावा. धोका कळल्याची तारीख आणि तो जाहीर केल्याची तारीख यांतील अंतर बरेचदा सर्वांत बोलका पुरावा ठरते.

सहीला एवढे महत्त्व का? हिशेबात घोटाळे करणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या २००१ मधील दिवाळखोरीनंतर अमेरिकेने २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने मुख्य कार्यकारी आणि मुख्य वित्त अधिकाऱ्यांना आर्थिक अहवाल स्वतः प्रमाणित करणे बंधनकारक केले, त्यामुळे ‘मला कल्पनाच नव्हती’ हा बचाव लंगडा पडला.

तक्रार लेखी द्यावी, पोच जपावी. भागधारकांनी सर्वसाधारण सभेत संबंधित संचालकाच्या फेरनियुक्तीविरुद्ध मत द्यावे. कंपनीला झालेल्या दंडावर समाधान मानू नये, कारण त्याचा भार शेवटी भागधारकांवरच पडतो. अधिकाऱ्याने घेतलेल्या बोनसची वसुली मागणे मला अधिक परिणामकारक वाटते. आतल्या कर्मचाऱ्याने माहिती उघड करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.