सराव पाठासाठी डिजिटल साधन कसे निवडावे, तपासावे आणि वर्गात वापरावे

शिक्षक प्रशिक्षणाच्या काळात डिजिटल साधनांची ओळख बहुधा यादीच्या रूपाने होते. प्रश्नमंजुषेसाठी एक ॲप, आलेखांसाठी दुसरे, चित्रफितींसाठी तिसरे अशी यादी पाठ होते. परंतु उद्याच्या तासाला यांपैकी काय उघडायचे आणि कशासाठी, हा प्रश्न तसाच राहतो. या लेखात म्हणूनच क्रम उलटा घेतला आहे. आधी पाठातली एक नेमकी अडचण शोधायची, मग तिच्यासाठी एक साधन निवडायचे, ते तपासायचे आणि त्यानंतरच वर्गात न्यायचे. एका सत्रात दहा साधने वरवर हाताळणाऱ्यापेक्षा दोनच साधने पूर्णपणे आत्मसात करणारा छात्राध्यापक वर्गापुढे अधिक विश्वासाने उभा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

पायरी १: अडचण एका वाक्यात लिहा

पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) समोर ठेवा आणि विद्यार्थी कुठे अडखळतील ते एका वाक्यात लिहून काढा. ‘विद्यार्थ्यांना विद्युत परिपथ कळत नाही’ हे वाक्य पुरेसे नाही, कारण त्यावरून कोणतीही चित्रफीत दाखवावीशी वाटते. ‘दिव्यातून गेल्यावर विद्युतधारा खर्च होऊन कमी होते, असे विद्यार्थ्यांना वाटते’ हे वाक्य मात्र उपयोगाचे आहे. त्यातूनच दिव्याच्या आधी आणि नंतर धारा मोजून दाखवणारे साधन हवे, हे आपोआप स्पष्ट होते. गणितात ‘दशांश अपूर्णांक कठीण जातात’ असे न लिहिता ‘दशांश चिन्हानंतर जास्त अंक असलेली संख्या मोठी समजली जाते’ असे लिहावे. हे वाक्य सुचत नसेल, तर मार्गदर्शक शिक्षकांना विचारावे किंवा विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या आणि उत्तरपत्रिका पाहाव्यात. तिथे एकच चूक अनेकांच्या हातून पुन्हा पुन्हा झालेली आढळते.

शिक्षण संशोधक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या विचारचौकटीत विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वर्तुळे एकमेकांना छेदताना दाखवली आहेत. नवख्या शिक्षकाचे लक्ष तिसऱ्या वर्तुळाकडे अधिक ओढले जाते. अडचण आधी लिहिल्याने पहिली दोन वर्तुळे नजरेआड होत नाहीत.

पायरी २: अडचणीच्या जातीनुसार साधन निवडा

जे डोळ्यांना दिसत नाही किंवा वर्गात घडवून आणता येत नाही ते दाखवायचे असेल, तर सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर हाताळता येणारे प्रतिरूप, उपयोगी पडते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राची सिम्युलेशन विनामूल्य मिळतात आणि त्यांतली अनेक संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही चालवता येतात. भूमिती आणि बीजगणितासाठी जिओजेब्रा आहे. त्याची सुरुवात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात केली. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की कोन बदलत राहतात, पण त्यांची बेरीज १८० अंशच राहते, हे त्यात विद्यार्थी स्वतःच्या हाताने अनुभवतात. आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम आहे.

सगळ्या वर्गाचे उत्तर एकाच वेळी जाणून घ्यायचे असेल, तर प्रतिसाद नोंदवणारे साधन हवे. विद्यार्थ्यांकडे उपकरणे नसतील तेथे प्लिकर्स फार सोयीचे ठरते. प्रत्येक विद्यार्थ्याला छापील कार्ड दिले जाते, ते कोणत्या बाजूने वर धरले आहे यावरून चार पर्यायांपैकी उत्तर ठरते, आणि शिक्षक फक्त आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. विद्यार्थ्यांनी स्वतः काही घडवावे असा उद्देश असेल, तर एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले, ठोकळे जोडून प्रोग्राम तयार करण्याचे स्क्रॅच किंवा आवाज ध्वनिमुद्रित करून संपादित करण्यासाठी ऑडॅसिटी घ्यावे.

यांपैकी कशाचीच गरज नाही, हेही पूर्णपणे ग्राह्य उत्तर आहे. खडू, फळा आणि एक चांगला प्रश्न यांनी जी अडचण सुटते, तिच्यासाठी प्रोजेक्टर लावू नये.

पायरी ३: विद्यार्थी होऊन साधन तपासा

साधन निवडल्यावर ते शिक्षकाच्या खात्यातून पाहून थांबू नका. दुसऱ्या उपकरणावरून, विद्यार्थ्याला दिसेल तसे ते उघडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः सोडवा. खाते उघडावे लागते का, जाहिराती दिसतात का, विनामूल्य आवृत्तीत विद्यार्थ्यांच्या किंवा प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा आहे का, लहान पडद्यावर बटणे कापली जातात का, हे तेव्हाच कळते.

माहितीच्या सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक सेवा १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडू देत नाहीत. तेथे मुलांना खोटे वय टाकायला सांगणे हा शिक्षकाने कधीही सुचवू नये असा मार्ग आहे. खात्याशिवाय चालणारे साधन मिळत असेल तर तेच घ्यावे. नाव विचारले गेल्यास पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक किंवा टोपणनाव वापरावे, आणि शाळेच्या परवानगीशिवाय विद्यार्थ्यांची छायाचित्रे किंवा गुण बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नयेत.

सर्वांना साधन वापरता येते का, हेही पाहा. केवळ लाल आणि हिरव्या रंगाने चूक-बरोबर दाखवणारे साधन रंगांधळ्या विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. चित्रफितीत आवाजासोबत मजकूर दिसावा. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उठावाचे (कॉन्ट्रास्टचे) गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे. मात्र प्रोजेक्टरवर रंग आणखी फिके पडत असल्याने शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहणे हीच खरी कसोटी आहे.

पायरी ४: प्रश्नमंजुषेचा जीव चुकीच्या पर्यायांत असतो

प्रश्नमंजुषेचे ॲप शिकायला थोडाच वेळ लागतो. चांगला प्रश्न तयार करायला मात्र एक संध्याकाळ जाऊ शकते, आणि ती अवश्य द्यावी. चुकीचा प्रत्येक पर्याय विशिष्ट गैरसमजातून आलेला असला, तरच मिळालेल्या उत्तरांवरून काही निष्कर्ष काढता येतो.

दशांश अपूर्णांकांचेच उदाहरण घेऊ. ‘०.४५, ०.६ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न वरकरणी ठीक वाटतो. जास्त अंकांची संख्या मोठी समजणारा विद्यार्थी ०.१२५ निवडेल आणि त्याचा गैरसमज उघड होईल. परंतु काही विद्यार्थ्यांचा गैरसमज नेमका उलटा असतो: दशांशानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असे ते मानतात. तो विद्यार्थी ०.६ निवडेल, उत्तर बरोबर ठरेल आणि त्याची चूक झाकलेलीच राहील. आता पर्याय बदलून ०.३५, ०.३ आणि ०.१२५ असे करा. योग्य उत्तर ०.३५ आहे, पहिल्या गैरसमजाचा विद्यार्थी ०.१२५ कडे जातो आणि दुसऱ्या गैरसमजाचा ०.३ कडे. चौथा पर्याय ‘मला खात्री नाही’ असा ठेवल्यास अंदाजाने दिलेली उत्तरे कमी होतात. तीन संख्यांमधील एवढ्याशा बदलाने तोच प्रश्न आणि तेच ॲप शिक्षकाला कितीतरी अधिक माहिती देऊ लागतात.

उत्तरे आल्यावर काय करायचे, हेही टाचणातच लिहून ठेवा. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून विकसित केलेल्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतात. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर शेजाऱ्याला आपले कारण पटवून देण्यासाठी त्यांना दोन-तीन मिनिटे मिळतात आणि मग त्याच प्रश्नावर दुसऱ्यांदा मत घेतले जाते. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा शिकवावी लागते, आणि ७० टक्क्यांहून अधिक असतील तर थोडक्यात स्पष्टीकरण देऊन पुढे जाता येते. पहिल्या फेरीनंतरचा आलेख पडद्यावर मुळीच दाखवू नये. बहुमत कोणीकडे आहे हे कळले की चर्चा थांबते आणि मुले उंच स्तंभाच्या बाजूला जातात.

काहूटसारख्या प्रश्नमंजुषेच्या ॲपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. पाढे किंवा शब्दार्थ यांच्या उजळणीला ते चालते. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नाला मात्र ते मारक ठरते, म्हणून तेथे प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवून घ्यावी. त्याचबरोबर प्रश्नमंजुषेकडे केवळ गुण देण्याचे साधन म्हणून पाहू नये. मानसशास्त्रज्ञ रोएडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. परंतु एका आठवड्यानंतर, मध्ये आठवून लिहिण्याची चाचणी दिलेले विद्यार्थी पुढे होते. म्हणून आजच्या प्रश्नांतील दोन-तीन प्रश्न पुढच्या आठवड्याच्या तासाच्या सुरुवातीला पुन्हा विचारण्याची नोंद आत्ताच करून ठेवावी.

पायरी ५: सिम्युलेशन दाखवण्याआधी अंदाज लिहून घ्या

पडद्यावर काहीतरी हलू लागले की वर्ग शांत होतो, आणि ही शांतता म्हणजे आकलन असे समजण्याचा मोह होतो. तो टाळण्यासाठी अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण हा क्रम पाळावा; रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी तो विज्ञान शिक्षणात रूढ केला.

फेटवरील विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये एक घट, एक दिवा आणि तारा जोडा, पण कळ उघडी ठेवा. दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ॲमीटर (विद्युतधारा मोजणारे उपकरण) एकसर जोडा. आता विद्यार्थ्यांना दोन्ही ॲमीटरच्या वाचनांचा अंदाज वहीत लिहायला सांगा आणि त्याखाली एका ओळीत कारणही लिहायला सांगा. प्रत्येकाने लिहून झाल्यावरच कळ जोडून परिपथ पूर्ण करा. दोन्ही वाचने सारखीच दिसतात. ज्यांचा अंदाज चुकला त्यांना ‘मग दिव्यात खर्च काय होते?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने पडलेला असतो, आणि ऊर्जा व विद्युतधारा यांतील फरक शिकवण्याची योग्य वेळ हीच असते. त्यानंतर सिम्युलेशन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि दुसरा दिवा जोडल्यास काय होईल, हे त्यांनाच शोधू द्यावे.

सिम्युलेशन हे प्रतिरूप आहे, हे स्पष्टपणे सांगणे शिक्षकाचे काम आहे. पडद्यावर सरकताना दिसणारे इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात तारेत अतिशय मंद गतीने, सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाएवढेच पुढे सरकतात, आणि त्यांची दिशा सांकेतिक विद्युतधारेच्या उलट असते. शक्य असेल तेव्हा त्याच तासाला खरा घट आणि खरा दिवाही हाताळू द्यावा.

पायरी ६: सादरीकरण हलके करा

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनावरील संशोधनातून दोन गोष्टी सहज उचलण्यासारख्या आहेत: विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत आणि हालचाली काढून टाकाव्यात, आणि पडद्यावरचा लांब मजकूर शब्दशः वाचून दाखवू नये. एक आकृती, तिच्यातील भागांची त्याच जागी लिहिलेली नावे आणि शिक्षकाचे बोलणे एवढे पुरते.

पायरी ७: रंगीत तालीम आणि पर्यायी पाठ

ज्या खोलीत पाठ घ्यायचा आहे तिथेच, त्याच प्रोजेक्टरला आपला लॅपटॉप जोडून, आदल्या दिवशी सगळे एकदा चालवून पाहा. केबलचे टोक जुळते का, आवाज येतो का, अद्ययावतीकरण मध्येच सुरू होणार नाही ना, याची खात्री करा. फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी ठेवा. खासगी संदेशांच्या सूचना बंद करा, कारण प्रोजेक्टर त्या पूर्ण वर्गाला दाखवतो.

इंटरनेट किंवा वीज गेली तर काय, याचे उत्तर पाठ टाचणात वेगळ्या रकान्यात लिहिलेले असावे. सिम्युलेशनच्या महत्त्वाच्या अवस्थांची छापील चित्रे जवळ असली की अंदाज, निरीक्षण आणि स्पष्टीकरण हा क्रम कागदावरही चालतो. प्रश्नमंजुषेसाठी बोटांनी किंवा वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात पर्याय दाखवता येतो. दोन मिनिटांत साधन सुरू झाले नाही तर पर्यायी पाठाकडे वळावे, ही मर्यादा स्वतःला आधीच घालून घ्यावी. दुरुस्तीत गुंतलेल्या शिक्षकाची वाट पाहणारा वर्ग पुन्हा विषयावर आणणे फार कठीण असते.

पायरी ८: निरीक्षकाला नेमके काम द्या

‘पाठ कसा झाला?’ असे विचारल्यास ‘छान झाला’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी सहाध्यायी छात्राध्यापकाला किंवा मार्गदर्शक शिक्षकांना पाठाआधीच दोन नोंदी करण्याची विनंती करावी: साधन सुरू करणे, लॉगिन आणि सूचना यांत किती मिनिटे गेली, आणि चर्चेच्या वेळी मागच्या दोन रांगांतील विद्यार्थी पाठाविषयी बोलत होते की उपकरणाविषयी. तास संपताना विद्यार्थ्यांकडूनही चिठ्ठीवर एका प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे, आणि तो प्रश्न पहिल्या पायरीत लिहिलेल्या अडचणीवरच असावा. विद्युत परिपथाच्या पाठात तो ‘दिव्याच्या आधी आणि नंतर धारा सारखीच का असते, ते मित्राला समजावून सांग’ असा असू शकतो.

त्या चिठ्ठ्यांचे तीन गट करा: समजलेले, अर्धवट समजलेले आणि जुनाच गैरसमज कायम असलेले. तिसरा गट मोठा असेल तर साधन लगेच बदलू नका. आधी आपला प्रश्न आणि चर्चेला दिलेला वेळ तपासा, आणि तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर सुधारून घ्या. दोन्ही तुकड्यांच्या चिठ्ठ्या, निरीक्षकाच्या नोंदी आणि साधनाची तारीखवार माहिती पाठ टाचणालाच जोडून ठेवावी, म्हणजे पुढील सत्रात तोच घटक शिकवणाऱ्या छात्राध्यापकालाही त्या वापरता येतील.