खिशातला कॅमेरा आणि गोव्याची हवा

मिरामारला दुपारच्या उन्हात समुद्राची चकाकी फोटो मारून टाकते. त्यावर पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची चकाकी कापणारी काच, हा खरा उपाय, पण खिशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या लेन्सला तो बसवायला आटे नसतात. मग चिकटवायची अडॅप्टर रिंग घ्यावी लागते. सोनी आरएक्स१०० साठी ती ४९ मिमीची मिळते. चिकट बाजूचा कागद सोलण्याआधी रिंग नुसती धरून, कॅमेरा चालू-बंद करून बघा. लेन्सवर मिटणाऱ्या पाकळ्यांना ती अडली तर उपयोग नाही. काचेभोवतीची कड पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच चिकटवा. फिल्टर पातळ कडेचा घ्या आणि कॅमेरा बंद करण्याआधी काढा, कारण लेन्स आत ओढणारी मोटर नाजूक असते.

ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू बोटांनीच आवळा. पट्टा मनगटाचा पुरे.

चामड्याचं कव्हर मात्र इथे नकोच. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि लेन्सला बुरशी लागते. जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, यांच्यासोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. किनाऱ्यावरून आलात तर आधी ब्लोअरनं, म्हणजे हातानं दाबून हवा मारायच्या रबरी फुग्यानं, वाळू उडवा, कापड नंतर.